टीव्हीमागचे जग

मित्रांनो, मला राग आला आहे. तो आधी सांगितल्याशिवाय मला माझा जन्म सांगता येणार नाही.

मी जगाचा नकाशा आहे. जुना, जाड कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला, एक भिंत व्यापेल एवढा मोठा. जग दाखवायचे एवढ्यासाठीच मी जन्मलो. आणि याच माझ्या अर्ध्या अंगावर माणसांनी टीव्ही टांगला. वर्षानुवर्षे त्या टीव्हीची पाठ माझ्या छातीवर होती. तिची ऊब मला लागायची, तिचा आवाज माझ्या कापडातून जायचा. टीव्हीसमोर बसलेली माणसे खात होती, हसत होती, आणि मागे अर्धे जग अंधारात होते. राग येणार नाही तर काय होईल?

आता जन्म सांगतो. शिकागोच्या एका छापखान्यात मी छापला गेलो. पृथ्वी गोल आहे, तिला मधला भाग नसतो, हे छापणाऱ्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी अमेरिका मधोमध ठेवली. तसे करायचे तर दुसरे काहीतरी कापावे लागते. त्यांनी आशिया कापला. तुमचा हिंदुस्थान माझ्या उजव्या काठाला दांडीपाशी चिकटून उभा आहे आणि तुमचा आसाम पार डाव्या काठावर. दोघांच्या मधे दोन महासागर आणि अख्खी अमेरिका. एका घरातल्या माणसांना असे तोडून टाकले, पण इतक्या वर्षांत माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या एकाही मोठ्या माणसाने विचारले नाही, की हे असे का.

एका बाईने मात्र ते मुलांना विचारायला लावले. तिचे नाव आर्लिस ब्रँडव्होल्ड. नेब्रास्कातल्या कॉटनवुड बेंड नावाच्या लहानशा गावात ती शाळेत भूगोल शिकवायची. मी तिच्या वर्गात गेलो ते माझे सुखाचे दिवस. ती सकाळी दूरदेशची एक बातमी वाचायची आणि म्हणायची, "कुठे घडलं? आधी जागा सापडली पाहिजे. मग मत द्या." मुले धावत यायची. कधी कुठे भूकंप, कधी कुठे निवडणूक. शेतकऱ्यांची मुले ती, हातांना मक्याच्या पानांचे ओरखडे असायचे. पण लिस्बन आणि लाहोर त्यांना सापडायचे. "बाई, सापडलं!" हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की मला वाटले जग असेच चालते.

मग शाळेत नवे लोक आले. त्यांनी ठरवले की वाचन आणि गणित तेवढे नीट करायचे, कारण परीक्षेत तेच विचारतात. आर्लिसचा तास आधी अर्धा झाला आणि मग गेला. तिला म्हणाले, "मुलांना लागेल तेव्हा शोधतील की." मला गुंडाळून तळघरातल्या बॉयलरच्या खोलीत ठेवले. तिथे मी किती काळ होतो ते मला माहीत नाही. अंधारात काळ मोजता येत नाही. नोकरी सोडण्याच्या दिवशी आर्लिस खाली आली आणि मला खांद्यावर टाकून चालत निघाली. शिपाई म्हणाला, "बाई, गाडीतून नेतो." ती म्हणाली, "राहू दे. माझं जग आहे, मी उचलते."

तिचा नवरा लोवेल गावात कॅफे चालवायचा. मोठ्या टेबलांसमोरच्या भिंतीवर तिने मला टांगले. लोवेल कमी बोलणारा माणूस. तो एवढेच म्हणाला, "वाकडा आहे." आणि स्टूल आणून मला सरळ केले.

कॅफेत लोक माझ्याजवळ यायचे, पण येऊन काय करायचे? आपले गाव शोधायचे. "हे बघ, आपण इथे!" म्हणत बोट टेकवायचे. नेब्रास्का बोटांनी झिजून पांढरे पडले. बाकीचे जग कोरे करकरीत राहिले, कोणी हातच लावला नाही. आर्लिस त्यांना चिडवायची. रोज येणाऱ्या हॅरिएटला म्हणायची, "हॅरिएट, तू इथेच राहतेस, हे तुला आता माहीत झालंय. थोडी उजवीकडे सरक." तिने एक रीत पाडली होती. गावातले कोणी फौजेतून परदेशी गेले, की घरच्यांनी येऊन पिवळ्या डोक्याची टाचणी माझ्यावर लावायची. जागा आपली आपण शोधायची, ती दाखवणार नाही. बाप लोक घामाघूम व्हायचे. पण टाचणी लावून मागे सरले, की त्यांचा चेहरा वेगळा दिसायचा. आपले पोर कुठेतरी आहे, म्हणजे नक्की एका जागी आहे, हे त्यांना तेव्हा पटायचे.

मग आर्लिस आजारी पडली आणि एका वसंतात गेली. मी त्याबद्दल जास्त सांगणार नाही. लोवेल दुसऱ्या आठवड्यात कॅफे उघडून उभा राहिला. त्याने कॉफी ओतली, हिशेब घेतले, सगळे केले. फक्त माझ्याकडे बघणे बंद केले. मित्रांनो, माणूस गेल्यावर घरात एखादी वस्तू अशी उरते, की जिच्याकडे बघवत नाही आणि जी काढवतही नाही. ती वस्तू मी होतो.

मार्लिन हुपर म्हणून एक गिऱ्हाईक होते. बियाणे विकायचा, मोठ्याने बोलायचा, कोणाचे कोठार जळाले तर पहिला धावून जायचा. तो म्हणाला, "लोवेल, एक मोठा टीव्ही लाव बाबा. शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला सगळा गाव इथे बसेल." मजबूत भिंत एकच होती, माझी. सुतार म्हणाला, नकाशा काढावा लागेल. लोवेल म्हणाला, "काढायचा नाही. तिने लावलाय." मग सुतार म्हणाला, वरूनच ठोकतो. लोवेल माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "ठोक."

लोखंडी पट्टी माझ्या उजव्या अंगावर आली. स्क्रू कापडातून भिंतीत गेले. युरोप गेला, आफ्रिका गेली, अरबस्तान गेला, तुम्हीही गेलात. उरले दोन महासागरांचे पाणी आणि पांढरे पडलेले नेब्रास्का. मी लोवेलवर रागावलो नाही. त्याला मी झाकलेलाच हवा होतो. मी रागावलो ते बाकीच्यांवर, कारण अर्धे जग नाहीसे झाल्याचे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही. हॅरिएट म्हणाली, "किती छान चित्र येतंय!"

आता रोंडाची गोष्ट. रोंडा कुचेरा कॅफेत स्वयंपाक करायची. तिची चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल खायला लोक लांबून यायचे. तिला एकच मुलगी, शेल्बी. नवरा कधीच सोडून गेला होता. शेल्बी फौजेत ट्रक चालवायला लागली आणि तिला चाडमध्ये पाठवायचे ठरले. चाड म्हणजे आफ्रिकेच्या पोटातला देश. गावाने काय थाट केला! शेल्बीला आगीच्या बंबावर बसवून मिरवले, शाळेचा बँड वाजला, ती सुखरूप परत यावी म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधल्या. मार्लिनने एक अख्खा डुक्कर भाजून सगळ्यांना वाढला. मग सगळे टाचणी लावायला माझ्यापुढे आले.

रोंडा म्हणाली, "पण ती जागा टीव्हीच्या मागे आहे ना?"

"असेल," मार्लिन म्हणाला. "आता टीव्ही कोण उतरवणार? इथे लाव की. इथे मोकळी जागा आहे."

"अरे, हे पाणी आहे."

"जवळच आहे गं. तिकडचंच पाणी. देवाला माहीत आहे पोरगी कुठे आहे ते."

"चाड नक्की कुठे येतं पण?"

"वाळवंट आहे ना? मग इराकच्या शेजारी कुठेतरी," हॅरिएट म्हणाली, आणि तिने रोंडाला मिठी मारली. मिठी खरी होती. खोटी असती तर मला एवढा राग आला नसता. रोंडाने दक्षिण अटलांटिकच्या निळ्या पाण्यात टाचणी टोचली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची स्वतःची लेक त्यांनी समुद्रात उभी केली, आणि रोल खायला बसले.

नंतरच्या महिन्यांत "शेल्बी कशी आहे?" हे रोज कोणीतरी विचारायचे. "तिथे काय चाललंय?" हे कोणी विचारले नाही. टीव्हीवर परदेशची बातमी लागली, की रिमोट मार्लिनच्या हातात यायचा. "हे तिकडचं कधी संपत नाही," तो म्हणायचा. कोणी त्याच्याशी वाद घातला नाही.

तो शनिवार आला. सामना सुरू व्हायला थोडा वेळ होता. सगळे नेब्रास्काच्या संघाचे लाल सदरे घालून बसले होते. रोंडा आत स्वयंपाकघरात होती, वरच्या पंख्याच्या घरघरीत तिला टीव्हीवरचे बोलणे ऐकू येत नव्हते. टीव्हीवरच्या बाईने म्हटले, की चाडमध्ये अमेरिकी फौजेच्या रसद घेऊन जाणाऱ्या ट्रकांवर हल्ला झाला, तीन सैनिक ठार झाले, नावे अजून कळवलेली नाहीत. एवढेच. ते शब्द माझ्या अंगातून गेले. मी भिंतीवर होतो, मला तोंड नव्हते.

मार्लिन म्हणाला, "चाडवर हल्ला? माझ्या मेव्हण्याचं नाव चाड. त्याच्यावर हल्ला रोजच होतो, पण बायको करते."

सगळे खो खो हसले. मार्लिनने रिमोट दाबला आणि पडद्यावर मैदान आले.

मित्रांनो, हीच ती माणसे, ज्यांनी बँड वाजवला होता. शेल्बी त्यांना लहानपणापासून ओळखीची होती. ती ज्या देशात होती, त्याचे नाव त्यांनी ऐकले आणि त्यांना हसू आले. ते दुष्ट नव्हते. दुष्टांवर रागावणे सोपे असते. यांनी ते नाव ऐकताना कान दिलाच नव्हता. त्यांच्या लेखी ती 'तिकडे' होती, आणि 'तिकडे' नावाच्या देशावर कोणी हल्ला केला नव्हता.

हसणे ऐकून रोंडा दारात आली. हातात उलथने, चेहऱ्यावर हसू. "काय रे, मला पण सांगा."

"काही नाही गं," मार्लिन म्हणाला. "चाडवर हल्ला झाला म्हणे, तर मी म्हटलं माझा मेव्हणा..."

रोंडाचे हसू गेले. "कुठे म्हणालास?"

"चाड. बातमीत होतं."

"मार्लिन, शेल्बी चाडमध्ये आहे."

मार्लिनने हॅरिएटकडे पाहिले. हॅरिएट म्हणाली, "शेल्बी इराककडे ना?"

"चाडमध्ये आहे! सहा वेळा सांगितलं असेल मी तुम्हांला. कोण मेलं? लाव ती बातमी. लाव!"

मार्लिनने रिमोट उचलला. त्याने मागचे चॅनेल लावले. तिथे हवामान सुरू झाले होते. पुढचे लावले, गाड्यांची जाहिरात. पुढचे, कोणीतरी केक करत होते. पुढचे, दुसरा सामना. पुढचे, दोन माणसे एकमेकांवर ओरडत होती, पण वॉशिंग्टनमधल्या राजकारणावरून. तो दाबत राहिला. शेकडो चॅनेल होते. तीन पोरे मेली होती, आणि त्या शेकड्यांत एकावरही त्याबद्दल आणखी दोन शब्द नव्हते. इतकी मोठी खिडकी माझ्यावर ठोकली, आणि तिच्यातून काय दिसत होते? केक.

हॅरिएटने फोनवर शोधून एका परदेशी रेडिओची बातमी काढली. त्यात लिहिले होते, की हल्ला पूर्वेला अबेशे गावाजवळ झाला आणि तीन अमेरिकी सैनिक ठार झाले. "शेल्बी राजधानीत असते," रोंडा म्हणाली. "ते जवळ आहे की लांब?" कोणालाच माहीत नव्हते. फोनवर करड्या रंगात एक टिंब दिसत होते आणि बोट लावले की ते सरकत होते.

लोवेल आतापर्यंत गल्ल्याशी उभा होता. तो खाली वाकला, हत्यारांची पेटी काढली आणि टेबलावर चढला.

"अरे, सामना सुरू झालाय," मागून कोणीतरी म्हणाले.

लोवेलने वळूनसुद्धा पाहिले नाही. त्याने टीव्हीची वायर ओढली. पडदा काळा झाला. टीव्ही उतरवून त्याने खाली जमिनीवर ठेवला. मग पट्टीचे स्क्रू काढायला लागला. एक गंजून अडकला होता, त्याने पकडीने ओढला, तर भिंतीचा गिलावा आणि माझ्या कापडाचा एक तुकडा त्याच्याबरोबर आला. इजिप्तच्या खाली मला भोक पडले. मला दुखले नाही. कोळ्याची जाळी हाताने पुसत लोवेल माझ्यासमोर उभा राहिला. आर्लिस गेल्यानंतर त्याने माझ्याकडे असे पहिल्यांदाच पाहिले. त्याचा ओठ हलला. पण तो बोलला ते रोंडाशीच.

"हे चाड. ही राजधानी, इथे डावीकडे. हे अबेशे. ओमाहाहून शिकागोला दिवसभर गाडी हाकत जाशील, तेवढं लांब."

रोंडाने दोन्ही ठिकाणी दोन बोटे टेकवली. मग म्हणाली, "पण ती ट्रक चालवते, लोवेल. ट्रक एका जागी राहतो का?"

मी अंतर सांगू शकतो. त्या अंतरावर आज कोण होते, हे मी सांगू शकत नाही.

"घरी जाऊन बस जरा," हॅरिएट म्हणाली.

"घरी नाही जाणार. घरासमोर ती गाडी उभी असली तर?" कोणती गाडी ते सगळ्यांना कळले. गणवेशातली दोन माणसे मरणाची खबर घेऊन येतात, ती गाडी. रोंडा माझ्यासमोरच्या बाकावर बसली, फोन मांडीवर. चिली करपल्याचा वास आला, लोवेलने आत जाऊन गॅस बंद केला. हळूहळू काही जण उठून बाहेर गेले. मला वाटले, त्यांना रडू येत असेल. थोड्या वेळाने बाहेरून आरोळी आली. नेब्रास्काने गुण मिळवला होता. ते आपापल्या गाड्यांत बसून रेडिओवर सामना ऐकत होते. रोंडा ती आरोळी ऐकून दचकली आणि तिने कान झाकले.

फोन वाजला तेव्हा तिला तो उचलता येईना. लोवेलने उचलून तिच्या कानाला लावला.

"मॉम? मी आहे. मी बरी आहे."

रोंडाच्या तोंडून मोठा हुंदका बाहेर पडला. तो ऐकून बाहेरचे आत धावले. हॅरिएट रडली, मार्लिनने टोपी उडवली. कोणी म्हणाले, देव आहे. रोंडा मात्र कान फोनला दाबून ऐकत होती आणि तिचा चेहरा पुन्हा उतरत चालला होता. "कोण? अदूम? ... अगं बाळा. ... अगं बाळा."

फोन ठेवल्यावर मार्लिनने दोन्ही हात चोळले. "चला! आपली पोरगी वाचली. अजून अर्धा सामना बाकी आहे. लोवेल, धर रे तिकडून, टीव्ही चढवू."

"राहू दे तो खाली," रोंडा म्हणाली.

"काय?"

"मार्लिन, तीन पोरं मेली."

"हो गं, वाईटच झालं. पण आपली नाही ना."

रोंडा उठली. मी तिला इतकी वर्षे पाहत होतो, तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. आताही चढला नाही. ती म्हणाली, "ज्यांची मेली, त्यांच्या गावात पण आज कोणीतरी तुझ्यासारखा बसला होता. हातात रिमोट घेऊन."

"हे बरोबर नाही, रोंडा. मी डुक्कर भाजला होता. माझ्या ट्रकला अजून तिची फीत आहे."

"फीत आहे. ती कुठे आहे, ते माहीत नव्हतं तुला. आणि तीनच नाहीत मेले, कळलं? पुढच्या गाडीत तिथली माणसं होती. ती सगळी गेली. अदूम म्हणून एक होता, तो शेल्बीला रस्ते दाखवायचा, रोज चहा पाजायचा, तीन तीन ग्लास. तो पण गेला. पोरगी त्याच्यासाठी रडतेय. बातमीत त्याला कोणी मोजलं पण नाही."

मार्लिनने टोपी घातली. त्याला लागले होते. तो म्हणाला, "आम्ही जातो मग. मळ्यावर बघतो सामना." त्याच्यामागून बाकीचेही गेले. जाताना कोणीच माझ्याकडे पाहिले नाही.

लोवेलने दोन कप कॉफी ओतली आणि रोंडासमोर बसला. त्याने विचारले, "कसा होता तो? अदूम?"

"मला काय माहीत," रोंडा म्हणाली आणि रडायला लागली. "ती दर फोनला त्याचं काहीतरी सांगायची. मी नुसतं हं हं करायची. मला वाटायचं, आपलं बोलणं कधी सुरू होणार."

मित्रांनो, टीव्ही आता दुसऱ्या खोलीत आहे. शनिवारी कॅफे निम्मा रिकामा असतो. लोवेलला त्याचा तोटा होतो, पण त्याने पट्टी पुन्हा ठोकली नाही. मला भोके आहेत, ती त्याने मागून कापड लावून बंद केली आहेत. मार्लिन हल्ली येतो, कोपऱ्यात बसतो, रोंडाशी जपून बोलतो. माझ्याजवळ अजून आलेला नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हांला जपा. मी तसे सांगणार नाही. मला गुंडाळा, फाडा, चुलीत घाला. पण जिथे तुम्ही आपली पोरे पाठवता, त्या देशाचे नाव ऐकताना कान द्या. जिथे तुमचे कोणीच नाही, त्याचेही नाव ऐकताना द्या, कारण तिथे कोणाचे तरी कोणी असते. आणि दूरची बातमी बदलायला हात रिमोटकडे गेला, तर दाबण्याआधी एकदा मागे वळून बघा. स्वयंपाकघरात कोणाची तरी आई उभी असेल.